यल्लप्पाचा सत्कार

सत्काराचं कौतुक मला सांगूच नका तुम्ही. नव्वदच्या आसपासची गोष्ट. सुकापूरच्या मागे गुलबर्ग्याहून आलेल्या बिगाऱ्यांची वस्ती होती, आणि पनवेलचा सगळा कचरा त्यांच्या दाराशी आणून जाळायचे. पोरं खोकून बेजार. त्यांच्यातला यल्लप्पा सारखा आमच्या मंडळाच्या अध्यक्षांकडे यायचा, "साहेब, ते ट्रक थांबवा." अध्यक्षांचं वजन एवढं, की एका फोनचं काम. पण फोन कोण करणार? त्यापेक्षा त्यांनी यल्लप्पाचा सत्कार ठेवला!

शाल, श्रीफळ, हार, मागे भलामोठा कापडी बॅनर: 'पर्यावरणमित्र यल्लप्पा'. अध्यक्ष स्वच्छतेवर तासभर बोलले. यल्लप्पाला माइक दिलाच नाही, म्हणे वेळ कमी आहे. मग आम्ही सगळ्यांनी वडे हाणले आणि प्लेटा तिथेच टाकून घरी गेलो.

दोन दिवसांनी तो बाजारात भेटला. मी अध्यक्षांबरोबरच होतो. ते म्हणाले, "काय यल्लप्पा, खूश ना? आता तक्रार नाही ना?"

"शाल तुमी हॉलमधी दिली, साहेब. बाकी सत्कार ट्रकनं घरपोच आला. प्लेटा, हार, माझ्या नावाचा बॅनर. सगळं दारात जळतंय. पोरं खोकतात."

अध्यक्षांचा चेहरा खर्रकन उतरला. मला वाटलं, चला, लाज तरी वाटली. तर माझ्यावरच डाफरले, "बॅनरपण टाकलात? अरे, नाव बदलून पुढच्या वर्षी वापरला असता!"