स्वेटरसकट

दवाखान्यात वजनकाट्याच्या रांगेत आठव्या महिन्याची गरोदर शिक्षिका बसली होती. पुढे सासू-सून, तान्ही मुलगी आणि पिशवीत दूधपावडरचा डबा.

"वजन वाढलं नसेल तर आजपासून बाटली. ठरलंय ना, सूनबाई?"

"हो, आई."

"स्वेटर-टोपी काढा," नर्स म्हणाली.

"अहो, गारठेल! मागच्या वेळी मी कुठे काढू दिलं?"

"काढा, आजी."

शिक्षिका मान उंचावून काट्याकडे पाहू लागली.

"तीन किलो आठशे!"

"मागच्या वेळी तीन किलो सहाशे होतं, आई!"

"तेही स्वेटरसकट! आणि नुसतं अंगावरचं दूध, आजी."

"सिस्टर, छातीशी कसं धरायचं ते तुम्ही शिकवलंत म्हणून."

"तरीच! उचलताना माझे हात भरून येतात."

"आई, डब्याचं काय?"

"दुकानात परत करू. आधी स्वेटर चढव आणि पुन्हा ठेव काट्यावर. घरी मला चार किलो सांगायचंय!"