डब्यातले दात

(कवळ्या बनवायचं छोटं वर्कशॉप. लेक कॉम्प्युटरपुढे, बाबा मोबाइल उंच धरून खिडकीशी.)

बाबा : खिडकीतसुद्धा येत नाही. तुझा डबा मेला बहुतेक.

लेक : डबा ठणठणीत आहे. तुमचा मोबाइल मी बाहेर काढलाय.

बाबा : बाहेर म्हणजे? हातात तर आहे माझ्या!

लेक : यादीतून बाहेर. सगळ्या कवळ्यांची मापं कॉम्प्युटरला जोडलेल्या त्या एका डब्यात साठवलेली असतात ना? आजपासून त्याचं दार तिघांनाच उघडेल. तुमच्या टेबलावरचा कॉम्प्युटर, माझा, आणि दात कोरायचं मशीन. बाकीच्यांना डबा आहे हेच दिसणार नाही.

बाबा : बाकीचे म्हणजे येणारेजाणारे. मी कुठला बाकीचा?

लेक : तुमचा मोबाइल पाहुण्यांच्या वायफायवर टाकलाय. खुशाल बातम्या बघा.

बाबा : पाहुणा? चाळीस वर्षं इथे मेण वितळवतोय मी!

लेक : आणि मी? लग्नाला सतरा वर्षं झाली, रोज सकाळी शटर मी उघडते. कुणी विचारलं की तुमचं ठरलेलं, ‘लेक आहे, पाहुणी आलीये.’ मी कधी कुरकुर केली?

बाबा : अगं, ती बोलायची पद्धत झाली.

लेक : ही नेटवर्कची पद्धत झाली.

बाबा : बरं, गुन्हा तरी कळू दे.

लेक : परवा लग्नात, जेवणाच्या टेबलावर मोबाइल काढून काय दाखवत होतात?

बाबा : हातचं काम दाखवत होतो. चोरी केली का?

लेक : डब्यातून मोबाइलवर घेतलेलं, मुख्याध्यापिका बाईंच्या वरच्या कवळीचं चित्र. गोल फिरवून फिरवून.

बाबा : नाव घेतलं का मी? एवढंच म्हटलं, ओळखा कोण!

लेक : सहा जणांनी ओळखलं.

बाबा : बघ! म्हणजे किती हुबेहूब! तो पुढचा तिरका दात मी मुद्दाम तसाच ठेवला. सरळ केला असता तर बाई स्वतःलाच परक्या वाटल्या असत्या.

लेक : कामाला नाव ठेवतंय कोण? पण दोन दिवस झाले, बाई शाळेत तोंडावर रुमाल धरून बोलतात. त्यांचे दातांचे डॉक्टर चिडलेत. पुन्हा असं झालं तर त्यांच्या दवाखान्याचं सगळं काम दुसरीकडे जाणार.

बाबा : रुमाल?

लेक : हो.

बाबा : मोकळं हसता यावं म्हणून केली होती गं.

लेक : माहितेय मला.

बाबा : ...ही यादी बदलता कुणाला येते?

लेक : मला.

बाबा : मी पासवर्ड मागितला तर?

लेक : नाही देणार.

बाबा : हात जोडले तर?

लेक : तरी नाही.

बाबा : ओरडलो तर?

लेक : घसा बसेल.

बाबा : आईवर गेलीस अगदी.

लेक : फोन वाजतोय. डॉक्टरच आहेत. मी बोलू?

बाबा : आण इकडे. नमस्कार डॉक्टर... हो, चूक माझीच. बाईंची माफी मी स्वतः जाऊन मागतो... पुन्हा? अहो, आता मला मोबाइलवर उघडतच नाही! ...हो, मालक असून! हात जोडले तरी देत नाही म्हणते... उद्या चार मापं पाठवताय? पाठवा, बिनघोर पाठवा... हे कुलूप कुणी बसवलं म्हणजे? आमच्या लेकीनं!... छे हो, पाहुणी कसली! दुकान तिचंच आहे. पाहुणा मी.

लेक : बाबा, हळू. रस्त्यापर्यंत ऐकू जातंय.

बाबा : जाऊ दे. हे काही डब्यात ठेवायचं नाही.