आखाजीला पाण्यात ठेवलेलं जाळं

नाही, पण मला एक सांगा, बोलावलं होतं कोणी त्यांना? त्या शिंपल्यांना हो! बोटाच्या पेराएवढ्या, काळपट... इथला सुरतेचा ठाकोरभाई म्हणतो, "माजी, आ तो परदेशी छे, जहाजने चोंटीने आवी छे." म्हणजे हजिऱ्याच्या बंदरात ती डोंगराएवढाली जहाजं येतात ना, त्यांच्या बुडाला चिकटून आल्या, आमच्या खाडीत उतरल्या आणि लेकुरवाळ्या होऊन बसल्या! बोलावलं होतं कोणी?

तर तुम्हाला सांगते, हा माझा नातू सुशांत. लिंबायतीत कापडाच्या लूमवर होता, लूम बंद पडले, तर हा निघाला मासे धरायला! आमच्या धुळ्याकडं समुद्र कुणी पाहिलाय? आम्ही पाहिली विहीर! पण ठाकोरभाई पिढीजात मासेमार, मनाचा मोठा, त्यानं आपलं जाळं दिलं, खाडीत ठोकलेल्या खुंट्या दिल्या. खुंट्यांना जाळं बांधायचं, भरतीबरोबर मासा येतो, ओहोटीला अडकतो, जाऊन काढायचा. रोज काढायचा, रोज! आणि आमचा शहाणा काय करतो? आखाजीला, तुमच्या अक्षय्य तृतीयेला हो, सगळे महिनाभर गावाला गेलो तर जाळं तसंच पाण्यात सोडून आला! का? तर म्हणे, "आजी, दह्यासारखं असतं. जितकं ठेवशील तितकं जमतं."

जमलं ना! असं जमलं...

गावाहून आलो, हा खाडीवर जाऊन जाळं हलवून आला तो नाचतच. "आजी, जागचं हलत नाही, इतकं जड!" झालं, गल्लीभर बोभाटा. शेजारची धुरपदाबाई पातेलं घेऊनच उभी, "माय वं, मुंडकं मला ठेवजो!" मीही काय, राणीसारखी वाटत सुटले, तुला दोन घे, तुला चार घे... आणि मासे साफ करायला विळा घेऊन त्याच्या मागं निघाले, तर मलाच म्हणतो, "तू कसाले येस? तुले कोनी बलावं?" म्हटलं, नाही बोलावलं तरी येणार, गप चाल.

ओहोटी होती. नुसता चिखल, मांडीइतका. काठावर मी आणि ठाकोरभाई, आत सुशांत. त्यानं जाळं उचललं आणि... अहो मासा कुठला! एक शेपूट नाही! शिंपलीवर शिंपली, तिच्यावर तिची लेक, जाळ्याचं भोक न् भोक बुजलेलं, गोधडीसारखं जाड! मासा शिरणार कुठून? आम्ही सुरतेत गाठोडं घेऊन उतरलो तेव्हा घरमालकीण आम्हालाही हेच म्हणायची, "कोणे बोलाव्या?" बोलावलं कोणी! पण बाई, आम्ही कुणाचं जाळं तर नाही बुजवलं!

मी ओरडले, सोड ते, ये बाहेर! हा ऐकतो? "ठाकोरभाईचं जाळं आहे आजी, काढतोच!" ओढतोय, ओढतोय, आणि ते सगळं धूड त्याच्यावरच कलंडलं. पाय जाळ्यात. एक सोडवायला गेला तर दुसराही गुंतला. आणि भरती लागली! तिकडं पाणी चालत येत नाही हो, पळत येतं. आत्ता लांब रेघ दिसतेय, आत्ता गुडघ्याला! हा कंबरेपर्यंत बुडालेला!

ठाकोरभाईनं फळी टाकली चिखलावर. चिखलात असंच जातात ते, फळीवर पोट टेकून. आणि फळीवर कोण? मी! विळा माझ्या हातात ना! लुगडं खोचलं, पडले पालथी, मागून ठाकोरभाई ढकलतोय, मी सुसरीसारखी सरकतेय, नाकात चिखल, तोंडात खारं पाणी. पोचले. विळा लावला तर हा कार्टा छातीपर्यंत पाण्यात आणि म्हणतो काय, "कापू नको आजी, दुसऱ्याचं आहे!" आणि मागून तो दुसराच बोंबलतोय, "कापो माजी, कापो!" कुणाचं ऐकू? पाणी त्याच्या गळ्याशी आलं आणि मी डोळे मिटून सपासप... दोरी की पाय, काही कळेना!

दोरीच होती. आली देवाला दया.

जाळ्याच्या चिंध्या वाहून गेल्या. ठाकोरभाई म्हणाला, "जाळ तो फरी गूंथाशे." जाळं काय, पुन्हा विणता येईल म्हणे. घरी आलो तर दारात धुरपदाबाई, पातेलं तसंच! "काय आणलं वं?" म्हटलं, सुशांत आणलाय, बघ डोळे भरून.

वाटलं, सुटलो. कुठलं! सुशांत आणि ठाकोरभाई, दोघांनी नवं जाळं विणलं. आता हा रोज काढतो, रोज खरवडतो, मासे ओंजळभर, शिंपल्या पाटीभर. आणि आज सकाळी दारात उभा राहून हळूच म्हणतो, "आजी, तू बी चाल ना संगे. इळा ली ले."

विळा घे म्हणे! या वयात पुन्हा पालथी त्या फळीवर! पण निघाले बापा... त्या खाडीत सगळे न बोलावता आलेले, बोलावणं आलेली तेवढी मी एकटीच!