मेक्सिकोच्या पत्रकातली चूक

सन्माननीय अध्यक्ष आणि आपल्या बियाणे कंपनीचे संचालक भुजंगराव साहेब, मंचावरचे मान्यवर, ज्यांच्या निवृत्तीसाठी आज आपण जमलो ते आमचे नागसेन सर, त्यांच्या पत्नी शिवकन्याताई, आणि समोर बसलेल्या शेडमधल्या मावश्यांनो, सहकाऱ्यांनो! मी अक्षता, निर्यात विभागातली. सरांच्या हाताखाली स्पॅनिश भाषांतराचं काम शिकले.

आष्टीच्या शाळेत शिकलेला माणूस फोनवर घडाघडा स्पॅनिश बोलतो, हे पहिल्या दिवशी पाहिलं आणि मी थक्क झाले. (सर, मान खाली घालू नका, आज ऐकून घ्यावंच लागेल.)

तीन वर्षांपूर्वी आपलं मिरचीचं बियाणं पहिल्यांदा मेक्सिकोला निघालं. सोबतच्या इंग्रजी पत्रकात शब्द होता 'ड्रेसिंग'. सर रजेवर, मला भारी जल्दी. शब्दकोशात पहिला दिसला तो स्पॅनिश शब्द टाकला, 'आदेरेसो', आणि पत्रक छापून घेतलं. आदेरेसो म्हणजे काय? सॅलडवर ओततात ते चविष्ट मिश्रण! आणि आपल्या बियाण्याला काय लावलेलं असतं? विषारी औषध.

सर रजेवरून आले, पत्रक वाचलं, आधी गेलेला ट्रक परत बोलावला. मग रागावण्याऐवजी मला शेडमध्ये नेलं. औषध लावणाऱ्या सोनूबाईंना विचारलं, "तुम्ही हे काय करता?"

"बियाण्याला औषध चोळून राह्यले, साहेब. हात धुतल्याबिगर भाकरीला शिवत न्हाई. लेकरायजवळ तर बिलकुल नेत न्हाई."

"ऐकलंस? मंग तिकडच्या बाईलाही हेच कळाया पाहिजे," सर म्हणाले, आणि त्यांनी 'त्रातामिएंतो' लिहिलं, म्हणजे बीजप्रक्रिया. तरीही तिकडच्या व्यापाऱ्याला विचारून खात्री केली. त्या वस्तूला ज्याचा हात लागतो त्याला विचारल्याशिवाय सरांनी कधी शब्द निवडला नाही. आज मीही तसंच करते, आणि त्यासाठी मी त्यांची जन्मभर ऋणी आहे.

पण एक गोष्ट सभागृहाला ठाऊक नाही. माल उशिरा गेला म्हणून बैठक बसली. तेव्हा सर म्हणाले, "पत्रक माझ्या विभागाचं, चूक माझी." माझी नोकरी तेव्हा कच्ची होती. मी गप्प बसले. त्याच चुकीपायी त्या वर्षी ठरलेलं सरांचं मेक्सिकोला जाणं रद्द झालं. तीस वर्षं ती भाषा लिहिणाऱ्या माणसाने ती भाषा बोलणारा देश आजवर पाहिलेला नाही. मी रडत माफी मागायला गेले, तर म्हणाले, "तुझी नोकरी राह्यली ना? मंग बराबर झालं."

सर, तुमचे आभार मानायला मला कुठल्याच भाषेत पुरेसा शब्द सापडत नाही. शिवकन्याताई, तुमचेही आभार. तुमच्या डब्यातला अर्धा वाटा मीच खाल्ला आहे.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, कृतज्ञ आहे. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला. मात्र अध्यक्ष साहेब, ती मेक्सिकोची चूक पोटात घालू नका. सरांच्या नावावरून काढा आणि आज, या सगळ्यांसमोर, माझ्या नावावर लिहा.