मायपुढचा थांबा

मी, चारुलता कृष्णकांत मोहरील, वय ३३ वर्षे, व्यवसाय नोकरी, रा. महाल, नागपूर, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून जबाब देते की,

मी एका खाजगी खाण कंपनीच्या नागपूर कार्यालयात नियोजन अभियंता आहे. जमिनीखाली माणसे व यंत्रे कधी, कुठून जातील हे आम्ही आधी संगणकावर चालवून बघतो व त्यावरून पाळीचे वेळापत्रक ठरवतो. पडद्यावर माणूस म्हणजे एक ठिपका असतो. उंटावरून शेळ्या हाकणे मला पटत नाही, म्हणून मागच्या महिन्यात मी स्वतः खाणीत उतरले.

खाली बोगद्याच्या वळणावर शेंदूर लावलेला दगड आहे. कामगार त्याला माय म्हणतात. मुकादम हेमराज निमजे यांनी मला तिथे थांबवले व म्हणाले, "म्याडम, पयले हात जोडा. मायले सांगितल्याबिगर आमच्यातलं कोणी पुढं जात नाही." मी हात जोडले. कार्यालयात परत आल्यावर ठिपक्यांना त्या वळणावर थांबा दिला. त्यामुळे खनिज वाहून नेणारा लोडर उशिरा सुटू लागला व त्याची एक फेरी कमी झाली.

माझे वरिष्ठ गौरांग देशकर म्हणाले, "प्रोग्राममध्ये देव कशाला पाहिजे? काढ तो थांबा." मी नकार दिला. त्यांनी तो स्वतः काढला. खाणीत कोणालाही कळवले नाही. मीही कळवले नाही. मला त्यांचा भयंकर राग आला होता व मी तशीच घरी गेले.

सोमवारी सकाळच्या पाळीत नव्या वेळापत्रकाप्रमाणे लोडर वळणावर आला. तो वरच्या खोलीतून चालवतात, त्यावर माणूस नसतो. लोडर येईपर्यंत सगळे वळणाच्या पुढे गेलेले असतील असे वेळापत्रकात धरले होते. कामगार भूपेश हेडाऊ, वय २६, हा मायपुढे उभा होता, असे हेमराज यांनी मला सांगितले. लोडरची धडक बसून तो जागीच मयत झाला.

मृत्यू कामगाराच्या स्वतःच्या चुकीने झाला, असे कंपनीने कळवले आहे. मी मयताच्या घरी गेले असता त्याची पत्नी काजल म्हणाली, "ते तं रोजच थांबत होते. तुमाले माहीत होतं नं, ताई? मंग सांगितलं काहून नाही?" तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही.

वरील जबाब मला वाचून दाखवण्यात आला. त्यात भूपेश 'हा मायपुढे विनाकारण उभा होता' असे टंकलिखित झाले होते. 'विनाकारण' हा शब्द मी खोडायला लावला व शेजारी सही केली. आता तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.