मीटरचा काटा

सुट्या भागांच्या दुकानात बिघडलेला मिक्सर घेऊन उभ्या असलेल्या बाईंचा कान पुढे उभा असलेला मेकॅनिक आणि एक वयस्क ताई यांच्या बोलण्याकडे लागला.

“लष्करातलं जुनं सिग्नल तपासायचं यंत्र दुरुस्त करतोय, ताई. मीटरवाचून अडलंय.”

“आमच्या ह्यांचं तसलंच आहे, भाऊ. त्यातलं न्या काढून.”

“बंद पडलंय का?”

“छे! हे वारल्यावरही मी ते रोज लावते. काटा हलला की घरात कुणीतरी आहेसं वाटतं.”

“आणि तेच मोडायला सांगताय?”

“पुढच्या चौकात मुलाकडे राहायला जायचंय. तिथे जागा कुठली?”

“चालत्या यंत्राचे भाग आम्ही मेकॅनिक काढत नाही. अख्खंच माझ्याकडे ठेवा.”

“मग तुमच्या यंत्राचं काय?”

“माझं खोलीन. तुमचं कधी बिघडलं, तर त्याचे भाग याला होतील. लावायला मात्र रोज तुम्हीच यायचं.”