चिकटवलेली चार पानं

हॅलो? … हॅलो, ताई? मीच गं. … नाही, घसा नाही बसला, हळू बोलतेय. बाथरूमच्या दाराशी उभी आहे. … अगं, मी नाही आत, भिंगरी आहे! पाऊण तास झाला, आतून कडी. शाळेतून आली, कपडे बदलले आणि दप्तरासकट आत गेली ती गेलीच. हाका मारमारून थकले. एकदाच म्हणाली, ‘आई, तू जा.’

हो, हो… अगं ऐक ना. धुण्याच्या बादलीत पार तळाशी तिचा शाळेचा स्कर्ट खुपसलेला सापडला. मागे डाग… … हो. तेच. … अगं, तेच म्हणजे तेच! … तू नर्स आहेस, तुला काय जातंय बोलायला! … बरं, पाळी. पाळी आलीय तिला. झालं समाधान?

… नाही, सांगितलं नव्हतं. … कधी सांगणार? अकराची तर आहे! … बारावं लागलंय, माहितीये, मीच जन्म दिलाय तिला. … शाळेत तो धडा अजून यायचाय. पुस्तकात आहे गं सगळं, चित्रांसकट, पण… … पण काही नाही. … ओरडणार नसशील तर सांगते.

मी ती पानं चिकटवून टाकली. … हो, खळ लावून! शाळा सुरू होताना पुस्तकांना कव्हरं घालत बसले होते, खळीचा डबा हाताशी, चारच पानं… लावली. म्हटलं, एवढ्यात कशाला, वेळ आली की सोडवू. … अण्णांसारखंच, हो! वडिलांचं बाइंडिंगचं दुकान घेतलं, खोडही घेतली. हस तू, हस! इथं माझा जीव टांगणीला लागलाय.

… न आठवायला काय झालं? अण्णांनी चिकटवलेली पानं सोडवायला तू किटलीच्या वाफेवर पुस्तक धरलं होतंस, मी दारात राखण करत होते. अण्णांच्या चपला वाजल्या, तू घाईनं ओढलंस, पान निम्म्यात फाटलं. … ‘मुलींना दर महिन्याला रक्तस्राव होतो’, आणि खाली नुसता लगदा! कुठून होतो ते खालीच राहिलं. महिनाभर नाकाला रुमाल लावून हिंडले मी. … हो, सर्दीचं औषधसुद्धा पाजलं आईनं. … आणि खरंच आली तेव्हा? मीही अशीच आतून कडी लावून बसले. मरणार म्हणून माझी रंगपेटी तुला देऊन टाकली. … परत दिलीस, पण पिवळा संपवूनच!

… तेच म्हणतेय ना मी! हिलाही आत तसंच वाटत असेल तर? ताई, गरम पाण्याचा नळ केव्हाचा सोडलाय तिनं. दाराखालून वाफ येतेय. आणि आवाज काही नाही. चक्कर येऊन पडली असली तर? … शेजारच्या सुताराला बोलावू? दार काढेल तो. … नको? … बरं. बसले. दाराला टेकून बसले बघ. तू बसली होतीस माझ्यासाठी, तशीच. … मी नाही गं, माझी जीभच उचलत नाही. फोन दाराला लावते, तूच सांग. तुला छान समजावता येतं. … पेशंट? आत्ताच कुठला पेशंट? … ताई, नको ना ठेवूस… दोन मिनिटं फक्त… हात जोडते…

थांब! बोलली ती. … काय गं राणी? … हो, इथेच आहे. कुठं जाणार मी? … काय फाटलं? …

ताई… पुस्तक घेऊन बसलीय ती आत. नळाच्या वाफेवर धरलंय. … कोण शिकवणार? बाइंडरची पोर, खळ कशानं सुटते ते तिला ठाऊक आहे! … अर्धं सुटलं, म्हणते. पुढे फाटलं. … रडतेय गं. म्हणते, ‘रक्त जातं इथपर्यंत आहे. मग मरतात का, ते खाली राहिलंय.’

नाही गं बाळा! नाही मरत! … मलाही येते. पाळी म्हणतात तिला. दर महिन्याला येते आणि जाते. मावशीलाही येते, तुझ्या बाईंनाही. … हो, बाईंनासुद्धा! … ते पान मीच चिकटवलं होतं. … मीच. चुकलं माझं. … नाही, पुस्तकासाठी नाही रागावणार. पुस्तक मरू दे. आधी तो नळ बंद कर. मला येतं सगळं पुढचं, तोंडपाठ येतं, चित्रासकट सांगते. कडी काढ, सोन्या.

… श्श! ताई, गप्प… नळ बंद केला. … … कडी वाजली.

… काय? पेशंट थांबेल म्हणतेस? नको, जा तू. मला आता वेळ नाही, ठेवते.